वाचकांचे प्रश्न : साखळी जोडणी

प्रश्न : आरएस-४८५ (दोन तारांवरून अनेक यंत्रं जोडायची पद्धत) च्या एका तारजोडीवर १४ ऊर्जामीटर आहेत. मॉडबस आरटीयू (यंत्रांच्या संवादाची भाषा), वेग १,१५,२०० बिट प्रतिसेकंद, एकूण केबल सुमारे ३०० मीटर. पहिले नऊ नीट वाचले जातात; पुढचे पाच मधूनच टाइमआउट देतात (वेळेत उत्तर येत नाही). वाटेतल्या जंक्शन बॉक्समधून एका मीटरला २५ मीटरची वेगळी केबल काढली आहे. मीटर बदलावेत का?

उत्तर : मीटर बदलण्याआधी सगळीकडे वेग ९६०० करून पाहा. चुका थांबल्या तर दोष तारांच्या मांडणीत आहे. संदेश केबलच्या मोकळ्या टोकावर किंवा लांब फाट्यावर (तुमच्या २५ मीटरसारख्या बाजूला काढलेल्या केबलवर) आपटून परत येतो. ३०० मीटर जाऊन यायला त्याला साधारण ३ मायक्रोसेकंद लागतात. १,१५,२०० वेगाला एक बिट ८.७ मायक्रोसेकंदांचा आणि तो मधोमध, म्हणजे ४.३ व्या मायक्रोसेकंदाच्या आसपास वाचला जातो. परतलेली लाट नेमकी तिथेच गोंधळ घालते. ९६०० ला बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, तोवर सगळं शांत झालेलं असतं.

खरं तर एवढ्या वेगाची गरजच नाही. एका मीटरचे १० रजिस्टर (आकडे ठेवायचे कप्पे) वाचायला विनंती आणि उत्तर मिळून ३३ बाइट जातात. ९६०० ला सुमारे ३८ मिलिसेकंद. मीटरचा विचार करण्याचा वेळ धरला तरी १४ मीटरांची फेरी एक-दोन सेकंदांत होते.

तरीही मांडणी दुरुस्त कराच. मॉडबसच्या नियमानुसार फाटा २० मीटरच्या आत हवा, आणि नसलाच तर उत्तम. त्या मीटरपर्यंत जाणारी एक आणि परतणारी एक अशा दोन जोड्या टाका. जोडीतल्या दोन तारा म्हणजे ए आणि बी. येणारी आणि जाणारी ए तार एकाच स्क्रूखाली, बी दुसऱ्या. दुहेरी फेरूल (दोन तारांची टोकं एकत्र दाबणारी धातूची नळी) वापरलं तर एक तार सुटून पुढचे सगळे मीटर गप्प होत नाहीत. केबलच्या दोन खऱ्या टोकांवर, आणि फक्त तिथेच, १२० ओहमचा रोधक लावा. मास्टर (मीटरांना विचारणारं यंत्र) मध्यभागी असेल तर त्याच्यावर नको. संगणकाला ही जोडी लावणाऱ्या पुष्कळ कन्व्हर्टरमध्ये हा रोधक स्विचने आत येतो आणि चालू राहून जातो.

तपासणी सोपी आहे. सगळ्यांचा वीजपुरवठा बंद करून ए-बी मध्ये मल्टिमीटर धरा. तारेचा स्वतःचा रोध मिळून ६० ते ७० ओहम यायला हवेत. १२० च्या आसपास आले तर एक रोधक नाही, ४० च्या आसपास आले तर तीन आहेत.

यानंतरही चुका राहिल्या तर तिसरी, म्हणजे सगळ्या यंत्रांचे ग्राउंड जोडणारी कॉमन तार जोडली आहे का पाहा. यंत्रांच्या ग्राउंडमधल्या फरकामुळे तारांवरचं व्होल्टेज −७ ते +१२ व्होल्टच्या मर्यादेबाहेर गेलं तर संवाद तुटतो. कोणी बोलत नसताना तारा ठरावीक पातळीवर धरणारे बायस रोधक (५ व्होल्टला ५६० ओहमची जोडी) एकाच ठिकाणी असावेत. एखादाच मीटर पूर्ण मुका असेल तर त्याच्या ए-बी उलटून पाहा. ही अक्षरं सगळे उत्पादक एकाच अर्थाने छापत नाहीत.

प्रश्न : डिस्प्लेपोर्ट १.२ असलेल्या लॅपटॉपला २५६० × १४४० चे तीन मॉनिटर एकामागे एक जोडले. तिसरा काळाच राहतो.

उत्तर : हिशेब थोडक्यात हुकला आहे. १.२ च्या दुव्यातून चित्रासाठी १७.२८ गिगाबिट प्रतिसेकंद मिळतात. ६० हर्ट्‌झला असा एक मॉनिटर सुमारे ५.८ घेतो, तीन मिळून १७.४. तिसरा १९२० × १०८० वर आणला की काम होईल. पहिल्या दोघांच्या मेन्यूत एमएसटी (एका दुव्यातून अनेक मॉनिटरना चित्र देण्याची सोय) चालू आणि शेवटच्यात बंद ठेवा. मॅकओएस अशा साखळीत वेगवेगळी चित्रं देत नाही, सगळीकडे तेच दिसतं. थंडरबोल्टची साखळी वेगळी. एचडीएमआयला साखळी जमतच नाही.

प्रश्न : मिडी (वाद्यांना सुरांचे संदेश पाठवायची पद्धत) च्या थ्रू मधून, म्हणजे आलेला संदेश तसाच पुढे देणाऱ्या खाचेतून, पाच सिंथेसायझर जोडले, शेवटच्याचे सूर अडकून वाजत राहतात. उशिरामुळे असेल का?

उत्तर : उशीर हे कारण नव्हे. प्रत्येक यंत्राच्या मिडी इन ला ऑप्टोकपलर (प्रकाशाच्या मदतीने संदेश पुढे देणारा भाग) असतो आणि तो बिटच्या कडा थोड्या विद्रूप करतो. ३२ मायक्रोसेकंदांच्या बिटमध्ये एक-दोन यंत्रांपर्यंत हे खपतं. पुढे ‘सूर बंद’ हा संदेशच हरवतो. एक इन आणि अनेक थ्रू असलेला थ्रू-बॉक्स घ्या आणि पाचही त्यावर थेट लावा.