खिडक्या आहेत, मग यंत्र कशाला?

प्रश्न : ताई, आमच्या घराचं बांधकाम संपत आलंय. दीड हजार चौरस फूट, तीन बेडरूम, माणसं चार. छत झालं, खिडक्या बसल्या, आतला गिलावा आणि फॉल्स सीलिंग तेवढं राहिलंय. थंडीत इथे रात्री पारा शून्याला टेकतो. आर्किटेक्ट म्हणतात, उष्णता राखणारं वायुवीजन, म्हणजे एचआरव्ही, बसवाच. कंत्राटदार म्हणतो, ‘एवढ्या खिडक्या दिल्यात, उघडा की!’ आमच्या ह्यांनाही तो खर्च फुकटचा वाटतो. सासूबाईंना दमा आहे. काय करावं?

उत्तर : पत्रात सगळं लिहिलंत, पण ज्यावर निर्णय ठरतो तो आकडा राहिला. घर किती हवाबंद आहे? आर्किटेक्टना हे आधी विचारा. त्यासाठी ब्लोअर डोअर नावाची चाचणी असते. मुख्य दाराच्या चौकटीत कापड ताणून मोठा पंखा बसवतात, आत-बाहेर 50 पास्कल दाबाचा फरक राखतात आणि घरातली हवा तासाला किती वेळा बदलते ते मोजतात. जर्मनीतल्या पॅसिव्ह हाऊस मानकात हा आकडा 0.6 च्या वर चालत नाही. तुमचा तीनच्या आत आला तर मी एचआरव्हीला डोळे झाकून हो म्हणेन. पाचच्या वर गेला तर थांबा आणि आधी फटी बुजवा. फटींतून सुटणारी हवा यंत्राला वळसा घालून जाते, तिच्यातली ऊब काही परत मिळत नाही.

चाचणी गिलावा झाल्यावर, पण फॉल्स सीलिंग लागायच्या आधी करा. पंखा चालू असताना चौकटींच्या कडेला, स्विचबोर्डांपाशी, पाइप भिंतीतून जातात तिथे ओला हात फिरवला की गळती लगेच कळते. सीलिंग लागल्यावर त्या जागा सापडल्या तरी हात पोचत नाही.

आता कंत्राटदाराच्या बोलण्याकडे. खिडकी उघडणं हा उत्तम उपाय आहे, पण तो उघडणाऱ्याच्या हातात असतो. बाहेर शून्य अंश असताना पहाटे तीनला कोण उठून खिडकी उघडणार? बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असतो. दोन माणसं दार-खिडक्या लावून झोपली की सकाळपर्यंत तो दोन हजारांवर सहज जातो. खोलीत हे प्रमाण एक हजाराच्या वर नसावं, हे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी म्युनिकमध्ये 1858 मध्येच सांगून ठेवलं होतं. शिवाय ओलावा. चार माणसांचा श्वास, अंघोळी, स्वयंपाक, आत वाळत घातलेले कपडे, सगळं मिळून दिवसाला दहाएक लिटर पाणी हवेत जातं. नव्या घरात त्यात काँक्रीट आणि गिलाव्याचं पाणी मिळतं, आणि ते पुरतं सुकायला वर्ष-दोन वर्षं लागतात. हवाबंद घरात हा ओलावा बाहेर काढला नाही, तर पहिल्याच हिवाळ्यात कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी दिसते.

यंत्र करतं काय, तर न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातली वापरलेली हवा ओढतं, बेडरूममध्ये आणि बैठकीत ताजी सोडतं. दोन्ही प्रवाह एका पेटीत पातळ पापुद्र्यांच्या दोन बाजूंनी जातात. हवा मिसळत नाही, ऊब तेवढी पलीकडे जाते. चांगल्या पेटीत 80 टक्क्यांच्या आसपास ऊब परत मिळते.

आता तुमच्या ‘ह्यां’च्या शंकेसाठी हिशेब. अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे या संस्थेचं घरांसाठी एक सूत्र आहे. त्यानुसार तुमच्या घराला मिनिटाला 75 घनफूट, म्हणजे तासाला सुमारे 127 घनमीटर ताजी हवा लागेल. बाहेर शून्य, आत वीस अंश असताना एवढी हवा तापवायला सतत साडेआठशे वॉटच्या वर ऊर्जा लागते. एचआरव्ही त्यातले जवळजवळ सातशे वाचवतं आणि त्याचे पंखे पन्नासेक वॉट खातात. साध्या हीटरने घर तापवत असाल तर हा सौदा फायद्याचाच. पण हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत सोडणारं, उलट्या एसीसारखं यंत्र) असेल तर सातशे वॉट ऊब तो सव्वादोनशे-अडीचशे वॉट विजेत देतो, म्हणजे खरी बचत दोनशेच्या आतबाहेर. आणि आत-बाहेर पाचच अंशांचा फरक उरला की हीट पंपवाल्याची बचत पंख्यांच्या विजेतच संपते. त्या ऋतूत यंत्र बंद ठेवून खिडक्या उघडा, त्यात कमीपणा नाही. तेव्हा हे यंत्र घ्यायचं ते हवेसाठी. फक्त वीजबिलाकडे बघून घेणाऱ्यांना मी नको म्हणून सांगते.

सासूबाईंच्या दम्याबद्दल जपून लिहिते. येणाऱ्या हवेच्या वाटेवर एफ-7 दर्जाचा (हे जुन्या युरोपीय मानकातलं नाव, बारीक धुळीसाठीचा) फिल्टर बसवला तर परागकण आणि बरीचशी बारीक धूळ अडते. बुरशीही कमी होते. पण हे औषध नव्हे, दम्याचं डॉक्टरांनाच विचारा. आणि फिल्टर बदलणार कोण, हे आजच ठरवा. कुणाच्या घरी यंत्र बघायला गेले की मी आधी झाकण उघडून फिल्टर बाहेर काढते. करड्या गोधडीसारखा झालेला असला, की पुढचं काही विचारावं लागत नाही. तीन ते सहा महिन्यांनी तो बदलायचाच. म्हणून यंत्र माळ्यावर, शिडी लावून चढावं लागेल अशा जागी नको. उभ्याने हात पोचेल असं बसवा.

आत्ताच ठरवायचं कारण डक्ट. यंत्र पुढच्या वर्षी आणलं तरी चालेल, पण नळ्यांची वाट सीलिंगच्या आत आजच करून ठेवावी लागते. इथेच कामं बिघडतात. घडीची लवचीक नळी स्वस्त पडते आणि कारागिराला सोपी जाते. मग ती तुळईखालून दाबून, कोपऱ्यात मुडपून नेली जाते, हवा अडते, पंखा जोर करतो आणि बेडरूममध्ये रात्रभर घूं घूं ऐकू येतं. आतून गुळगुळीत, ताठ नळी मागा, वळणं कमीत कमी ठेवा आणि यंत्र व बेडरूम यांच्यामध्ये सायलेन्सर, म्हणजे आवाज शोषणारा नळीचा तुकडा, बसवून घ्या. बेडरूममधला आवाज 25 डेसिबलच्या आत हवा, हे करारातच लिहा.

थंडीत पेटीत पाणी सुटतं. त्याच्या निचऱ्याची नळी उतारावर हवी आणि तिला पाण्याचा सापळा, म्हणजे पाणी साठून वास अडवणारं वळण, हवा, नाहीतर गटाराचा वास थेट ताज्या हवेत मिसळतो. पारा शून्याखाली गेला की ते पाणी गोठू शकतं, त्यासाठी प्रीहीटर (येणारी हवा आधीच थोडी तापवणारा) किंवा आपोआप बर्फ वितळवायची सोय बघून घ्या. शेगडीवरची चिमणी या डक्टला जोडू देऊ नका, तेलकट वाफेने पेटी कामातून जाते. घरात लाकडाची शेगडी पेटवणार असाल तर ती बाहेरून हवा घेणारी, बंद प्रकारचीच हवी. आणि प्रत्येक दाराखाली बोटभर फट ठेवायला सुताराला सांगा, म्हणजे बेडरूममधली हवा न्हाणीघराकडे जाईल.

हिवाळ्यात घरातली हवा फार कोरडी होत असेल तर ओलावाही परत देणारी पेटी मिळते, तिला ईआरव्ही म्हणतात. पण नवं घर सुकत असताना पहिला हिवाळा ओलावा बाहेर गेलेलाच बरा. काही कंपन्यांच्या यंत्रात आतली पेटी नंतर बदलता येते, घेण्याआधी तेवढं विचारा.

शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक जाळीपाशी हवा मोजून, आकडे लिहून मागा. येणारी आणि जाणारी हवा जवळपास सारखी असली पाहिजे. ‘चालू केलंय, वारा येतोय’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

प्रश्न : आम्ही तयार फ्लॅटमध्ये राहतो, सीलिंग फोडणं शक्य नाही. आमच्यासाठी काही आहे का?

उत्तर : आहे. बाहेरच्या भिंतीला आरपार भोक पाडून बसवायची छोटी यंत्रं मिळतात. आत सिरॅमिकचा ठोकळा आणि एक पंखा. साधारण सत्तर सेकंद हवा बाहेर टाकताना ठोकळा तापतो, मग पंखा उलटा फिरतो आणि येणारी हवा त्याच उबेवर गरम होते. ही जोडीनेच बसवायची, एक आत घेत असताना दुसरं बाहेर टाकतं. एकच आणलंत तर निम्मा वेळ थंड हवा फटींतून आत येत राहील. आवाज मात्र दुकानात ऐकून ठरवू नका, तिथल्या गजबजाटात तो कळत नाही. कुणाकडे बसवलेलं असेल तर रात्री जाऊन ऐका. आणि भिंतीला भोक पाडण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या.