अँबेसेडर ड्रॅग रेसला (सरळ पट्ट्यावरची शर्यत) उतरवतोय, लाँचला म्हणजे जागेवरून सुटताना मागची चाकं उड्या मारायलीत, मागच्या सस्पेन्शनमध्ये आधी काय बदलू?

आधी ट्रॅक्शन बार (अ‍ॅक्सलपासून पाट्याखालून पुढं जाणारा लोखंडी दांडा) बसवा भाऊ, कडक पाटे नंतर बघू. अँबेसेडरला मागं लीफ पाटे अन् सलग अ‍ॅक्सल, क्लच सोडला की चाक पुढं फिरतं अन् अ‍ॅक्सल उलटा पिळतो, डिफरन्शियलचं (अ‍ॅक्सलमधला गिअरचा गोळा) तोंड वर उचलतं, पाटा एससारखा वाकतो अन् झटक्यानं परत सरळ होतो, तेच उड्या मारायलंय. बार पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली (पाटा गाडीला अडकतो ती गोल कडी) टेकून हा पीळ अडवतो. संभाजीनगरजवळ वाळूजला चांगला फॅब्रिकेशनवाला करून देईल, वेल्डिंग तेवढं पक्कं बघा. मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकले असतील तर तेही बदला, नुसता बार लावून भागत नाही. मात्र बारच्या पुढच्या टोकाचा रबर अन् पाटा यात थोडी फट ठेवा, नाहीतर रोजच्या रस्त्यावर कंबर जाईल. अन् हे स्विफ्टसारख्या पुढच्या चाकाच्या गाड्यांना लागू नाही.