मिशनसेवेत जाण्यापूर्वी मतभेद कागदावर येऊ द्या

जय ख्रिस्त. ऐरोलीच्या तरुणाने मांडलेला पेच मी ठाण्यात स्वतः अनुभवला आहे. त्याला पूर्णवेळ मिशनसेवेत जायचे आहे. परंतु निवडणुकीच्या काळात तरुण संघात आणि घरी काकांशी वाद झाल्यावर पाळकसाहेबांनी त्याला सांगितले की सेवा करायची असेल तर राजकारण सोडावे लागेल, आणि आता मंडळी सोडावी की आपली मते गिळावीत, असे तो विचारतो. मी धर्मशास्त्र रीतसर शिकलेलो नाही आणि वकीलही नाही. म्हणून माझे म्हणणे एका सभासदाचा अनुभव समजून वाचावे. प्रार्थना, वचनाचे मनन आणि वडीलधाऱ्यांचा सल्ला हे सर्व आपण करत असालच, त्यामुळे त्याविषयी लिहीत नाही.

माझे सर्वांत मोठे नुकसान एका मिशनच्या कार्यालयाने केले. मुलाखतीत मला विचारण्यात आले की वस्तीत काम करताना लोकांच्या अडचणींकडे आपण कसे पाहाल. मी सांगितले की 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध समाजाचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती झालेल्यांचा मात्र झाला नाही. त्यामुळे एकाच वाडीतील, एकाच कुळातील दोन घरांपैकी एकाला सवलत मिळते आणि दुसरे आपला बाप्तिस्मा कागदावर आणायलाही कचरते, आणि अशा घरात सुवार्ता घेऊन जाणाऱ्याला या प्रश्नावर मौन बाळगता येणार नाही. कोणीही हरकत घेतली नाही. उलट, निवड झाल्यातच जमा आहे, नोकरीतून मोकळे व्हा, असे तोंडी सांगण्यात आले, आणि त्यानुसार मी रबाळ्यातील नोकरीचा राजीनामा दिला. त्यानंतर प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळत राहिले: आम्ही आपल्यासाठी प्रार्थना करत आहोत. माझे विचार राजकीय ठरवून अर्ज बाजूला ठेवण्यात आला होता, हे मला फार उशिरा, तेही तिसऱ्याच व्यक्तीकडून समजले. स्पष्ट नकार मी स्वीकारला असता, आणि कोणी समोर बसून माझे चुकते कुठे हे दाखवले असते तर त्याचे ऐकलेही असते. निर्णय घेऊन तो प्रार्थनेच्या आड लपवणे मला आजही अत्यंत अयोग्य वाटते, कारण त्या काळात घर माझ्या आईच्या निवृत्तिवेतनावर चालले.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की 'राजकारण नको' या वाक्याखाली दडलेला प्रश्न धर्मशास्त्राचा आहे आणि तो आधी विचारला पाहिजे: मिशन म्हणजे केवळ तारणाचा संदेश, की शेजाऱ्यावर होणारा अन्याय दूर करणे हाही त्याचाच भाग? 1974 च्या लोझान करारात, म्हणजे जगभरातील सुवार्तावादी ख्रिस्ती नेत्यांच्या घोषणापत्रात, सुवार्ताप्रसार आणि सामाजिक-राजकीय सहभाग ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्ये मानली आहेत. त्याच करारात राजकीय मुक्ती म्हणजे तारण नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले आहे. आपले पाळकसाहेब बहुधा या दुसऱ्या वाक्याची काळजी करत असावेत, आणि ती काळजी खोटी नाही. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असे सांगणारा रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय त्यांच्या बाजूने आहे, तर माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे असे सांगणारे प्रेषितांची कृत्ये 5:29 आपल्या बाजूने. दोन्ही वचने एकत्र वाचून त्यांच्याशी बोला, परंतु व्हॉट्सॲपवर नव्हे.

काकांच्या मुद्द्याविषयी थोडे. मिशन इंग्रजांबरोबर आले, म्हणून आपण खाली मान घालून राहावे, असे ते म्हणतात. ठाण्याचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. 1321 मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू याच ठाण्यात मारले गेले, तेव्हा या किनाऱ्यावर पोर्तुगीजसुद्धा आलेले नव्हते. मात्र काझीसमोर झालेल्या वादातून त्यांचा मृत्यू ओढवला, ही हकीकत आज मुंब्र्यातील मुस्लिम शेजाऱ्यांविरुद्ध वापरू नका. काही जण तसे करतात आणि ते मला पाप वाटते. कायद्याची बाजू सांगायची तर, अनुच्छेद 25 मध्ये धर्माचा प्रसार करण्याचा अधिकार आहे, परंतु दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये ठरवले आहे. सेवेत जाणाऱ्याला हा फरक ठाऊक असलाच पाहिजे.

मंडळी सोडू नका, असे मी म्हणेन, अर्थात आपली परिस्थिती मला पूर्ण ठाऊक नाही. जकातदार मत्तय रोमी सत्तेच्या व्यवस्थेत पैसे गोळा करणारा होता आणि शिमोनाला जिलोत, म्हणजे रोमी सत्तेचा कट्टर विरोधक, म्हणत; प्रभूने दोघांनाही बारा जणांत ठेवले. सेवेसाठी एखाद्या मिशनचे वेतन लागतेच असेही नाही. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि त्यानंतरही ते ख्रिस्ताचेच काम करत राहिले.

ज्या संस्थेकडे अर्ज कराल तिला आपली मते पहिल्याच पत्रात लिहून कळवा आणि लेखी उत्तर मागा. रुजू होण्याची तारीख, मानधन आणि कोणाच्या हाताखाली काम करायचे, हे नियुक्तिपत्रात नमूद झाल्याशिवाय राजीनामा देऊ नका, मग समोरची व्यक्ती कितीही आदरणीय असो.