हरजीत नसलेला खेळ

प्रश्न : माझा मुलगा व त्याचे मित्र दर रविवारी कागद, पेन्सिली आणि चित्रविचित्र फासे घेऊन चार-चार तास बसतात. पट नाही, सोंगट्या नाहीत, शेवटी कोण जिंकले हेही सांगता येत नाही. हा कसला खेळ?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : हा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला या प्रकारातला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा लुटुपुटूच्या सैन्यांची लढाई खेळायच्या युद्धखेळांतून निघाला. मात्र पलटणीऐवजी प्रत्येकाच्या वाट्याला एकच पात्र आले. सांगलीकरांना तरी हे परके वाटू नये, कारण विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये येथेच ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा सूत्रधार पद्यातून कथा पुढे नेई आणि नट आपली भाषणे आयत्या वेळी रचत. या खेळातही एक जण प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात आणि तटावर चढताना पाय घसरला की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. त्यावर प्रत्येक आकडा पडण्याची शक्यता सारखीच, ५ टक्के, असल्याने कसलेला योद्धाही कधी तोंडघशी पडतो. खरी गंमत, माझ्या मते, तीच. हरजीत नाही, कारण गोष्ट पुढच्या रविवारीही चालू ठेवायची असते.