जुने पोशाख आणि पोर्ट्रेट असलेली पोस्टाची तिकिटं जमवायचीत, सुरुवात कुठून करू?

मला विचाराल तर ब्रिटनचा १९९७ चा आठव्या हेन्रीचा सेट घ्या. सातच तिकिटं आहेत, एक राजा आणि त्याच्या सहा राण्या, हेन्रीला जाऊन ४५० वर्षं झाली म्हणून काढलेली. सगळी २६ पेन्सची, म्हणजे तेव्हाचा फर्स्ट क्लास टपालाचा साधा दर, त्यामुळे शिक्का पडलेली घेतलीत तर खिशाला चाट बसत नाही. देशाचं नाव शोधत बसू नका, ब्रिटनच्या तिकिटांवर ते नसतंच, तेव्हाची राणी दुसरी एलिझाबेथ, तिचं डोकं कोपऱ्यात दिसलं की समजायचं.

आता भिंग घ्या आणि चेहरे सोडून आधी डोक्यावर काय घातलंय ते बघा, खरी मजा तिथेच आहे. हेन्रीची दुसरी राणी ॲन बोलीन तरुणपणी फ्रान्सच्या दरबारात होती, तिकडची फॅशन घेऊन आली, ते फ्रेंच हूड म्हणजे अर्धगोल, मागे सरकलेलं, कडेला मोत्यांची ओळ आणि पुढचे केस चक्क दिसतात. (तिचं जे चित्र सगळीकडे फिरतं त्यात गळ्यात मोत्यांच्या माळेला सोन्याचं ‘बी’ अक्षर लटकतंय, माहेरच्या आडनावाचं! ते चित्रही ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी काढलेलं आहे, समोर बसवून काढलेलं नाही.) मग १५३६ मध्ये तिचं डोकं उडवलं आणि पंधरा दिवसांच्या आत जेन सीमोर राणी झाली. हेन्रीच्या दरबारचा चित्रकार होल्बाइन, त्याने जेनचं पोर्ट्रेट काढलंय त्यात बघा, डोक्यावर परत जुनं इंग्लिश गेबल हूड, कौलारू घराच्या छपरासारखं टोकदार, केस सगळे झाकलेले. एक राणी गेली, दुसरी आली आणि दरबारातल्या बायकांना टोप्या बदलाव्या लागल्या, आता याला फॅशन म्हणा नाहीतर राजकारण.

चौथी राणी, जर्मनीतल्या क्लीव्हजची ॲन, हिला तर हेन्रीने आधी चित्रातच पाहिलं, १५३९ मध्ये होल्बाइनला तिकडे पाठवून. हल्ली स्थळाचा फोटो मागवतात तसंच, फक्त इथे लग्न सहा महिन्यांत मोडलं, ते चित्र मात्र पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये अजून मजेत आहे.

आपल्याकडचं हवं असेल तर १९७३ चं मिनिएचर पेंटिंगच्या सेटमधलं २० पैशांचं किशनगढची राधा शोधा, बणीठणी म्हणतात तीच, त्या पारदर्शक ओढणीसाठी तरी घ्याच. आणि नुसते पोशाखच बघायचे असतील तर स्पेनने १९६७ ते १९७१ मध्ये प्रांतवार ५३ तिकिटं काढली होती, पण ५३ जमवता जमवता कंटाळा येतो, माझा आलाय.

अल्बममध्ये ठेवताना हिंज (तिकिटामागे लावायची गोंदाची छोटी कागदी पट्टी) किंवा माउंट (पारदर्शक पाकीट) वापरा हां. मी शाळेत असताना माझी जेन सीमोर वहीत खळीने चिकटवली होती, काढायला गेलो तर हूड हातात आलं आणि हनुवटी वहीतच राहिली.