साक्री तालुक्यातलं डोंगरांचं गोल कडं म्हणजे झिजून गेलेलं उल्काविवर असेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साक्रीकडे तुमच्या शिवाराभोवती नकाशावर सातेक किलोमीटर रुंदीचं डोंगरांचं कडं दिसतं, मधोमध टेकडी आहे, नांगरताना चमकणारे दगड निघतात. मग ही लोणारसारखी, पण फार जुनी जागा असेल का?

मला तरी तसं वाटत नाही. मी धुळ्याचा, भूशास्त्र शिकलेला. या भागातले दगड बऱ्यापैकी पायाखालून गेलेत, त्यावरून सांगतो.

लोणारचं विवर 1.8 किलोमीटर रुंद आहे आणि भूशास्त्राच्या हिशेबात कालपरवाचं, म्हणून त्याची वाटी शाबूत आहे. कोट्यवधी वर्षं ऊनपाऊस खाल्लेल्या विवराची वाटी उरत नाही. उरतो तो तिच्या तळाखालचा चेचलेला खडक, म्हणून जुनं विवर आकारावरून सिद्ध करता येत नाही.

मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातलं ढाला बघा. सुमारे 11 किलोमीटर व्यासाची ही रचना 250 ते 170 कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान कधीतरी घडली. उल्का पडली ती बुंदेलखंडच्या ग्रॅनाइटवर. खड्डा झाला, पुढे त्यात गाळ साचून वालुकाश्म तयार झाला. मग आजूबाजूचं झिजत गेलं आणि आतला भराव सपाट माथ्याची टेकडी होऊन उभा राहिला. म्हणजे जिथे खड्डा होता तिथे आज उंचवटा आहे! तिथला वितळून गोठलेला खडक आधी ज्वालामुखीचा समजत. अलाहाबाद विद्यापीठाचे जयंत पती आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या क्वार्ट्झ या खनिजाच्या कणांत सूक्ष्मदर्शकाखाली अगदी जवळजवळ, समांतर रेघांचे संच दाखवले, तेव्हा निकाल लागला. अशा रेघा उठायला वातावरणाच्या दाबाच्या सुमारे लाखभर पट दाब क्षणात बसावा लागतो. ज्वालामुखीला ते जमत नाही.

आता तुमच्या टेकडीकडे येऊ. इथे एक परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता. सात किलोमीटरचं विवर साधी वाटी राहत नाही. धक्क्यानंतर काही मिनिटांतच तळ मधोमध उसळून वर येतो. या उसळीचा ढोबळ अंदाज व्यासाच्या एक दशांश, म्हणजे तुमच्याकडे सहा-सातशे मीटर. आपल्याकडचे लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत आणि दोन थरांमध्ये जागोजागी तांबड्या मातीचा पट्टा असतो. हा पट्टा टेकडीत कुठल्या उंचीवर आहे आणि कड्याच्या डोंगरात कुठल्या, ते मोबाइलवर उंची बघून टिपा. तोच पट्टा दोन्हीकडे साधारण एकाच उंचीवर आडवा पडला असेल, तर मधला भाग कधी उसळलेलाच नाही. मग टेकडी आणि कडं हे एकाच पठाराचे झिजून उरलेले तुकडे. उलट टेकडीतले थर तिरपे उभे असतील, उलथेपालथे असतील, तर मात्र मला नक्की कळवा. ढालाची टेकडीही आडव्या थरांचीच आहे, पण ते थर उल्कापातानंतर साचलेले आहेत. तुमच्या टेकडीत आजूबाजूचाच काळा पाषाण असेल, तर तो अपवाद इथे लागू नाही.

कडं गोल का दिसतं? धुळे-नंदुरबार पट्ट्यात डाईक, म्हणजे जमिनीच्या भेगांत लाव्हा गोठून झालेल्या काळ्या दगडाच्या भिंती, शेकड्यांनी आहेत. बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात, काही कित्येक किलोमीटर लांब. भोवतालचा पाषाण मुरूम होऊन वाहून जातो, भिंत टिकते. अशा दोन-तीन भिंती, पायऱ्यापायऱ्यांनी झिजलेले डोंगर आणि मधून गेलेला ओढा एवढ्यावर वरून बघताना गोल सहज जुळतो.

चमकणारे दगड म्हणजे बहुधा गारगोट्या आणि झिओलाइट. लाव्हा थंड झाल्यावर त्यातल्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेल्या क्षारांचे स्फटिक वाढले. जळगाव जिल्ह्यात सावद्याकडचे असे स्फटिक जगभरचे संग्राहक शोधतात. ते जपून ठेवा, पण उल्केशी त्यांचा संबंध नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. काळ्या पाषाणात मूळचा क्वार्ट्झ जवळजवळ नसतोच, त्यामुळे ढालासारखा पुरावा मिळणं कठीण. लोणारला तळात विंधणं घेऊन वर काढलेल्या खडकात फेल्डस्पार या खनिजाची धक्क्याने काच झालेली सापडली आणि 1973 साली ते प्रसिद्ध झालं. खानदेशातही तसंच काही शोधावं लागेल. इथल्या विवराला वयाची मर्यादाही आहे. आपला लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, त्यामुळे त्यावर पडलेलं विवर त्याहून जुनं असूच शकत नाही.

तरीही शंका राहिली तर टेकडीच्या पायथ्याचा, उघड्यावर न कुजलेला, मुठीएवढा दगड घ्या. एका टोकातून पिसाऱ्यासारख्या रेषा फुटलेला शंकूच्या आकाराचा दगड ही उल्केच्या धक्क्याची खूण असते; तसा दिसला तर त्याचा जागेवरच फोटो काढा, उंची आणि ठिकाण लिहून ठेवा. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात भूविज्ञानाची मंडळी आहेत, त्यांना दाखवा. दगडाचा कागदाहून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली गेला की फेल्डस्पार शाबूत आहे की त्याची काच झाली आहे, ते कळेल.