इम्युनोथेरपीचा कमी डोस म्हणजे गरिबाचा डोस का?

काकांचा गालाचा कॅन्सर उलटलाय, डॉक्टर निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन कमी डोसने देतो म्हणतात, तर कर्ज काढून पूर्ण डोस द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. काढू नका.

२०२३ मध्ये अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कॅन्सरच्या वेळी आमच्या दाजींनाही हाच प्रश्न पडला होता आणि त्याचं उत्तरही त्यांनीच देऊन टाकलं होतं. "वीस मिलिग्रॅम? हा गरिबाचा डोस. प्लॉट विका." प्लॉट म्हणजे जुळे सोलापुरातला, अण्णांनी तीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणून घेतलेला. (त्याच तीस वर्षांत गालात तंबाखूचा बारही होता. असो.)

अण्णांना मी मागाच्या भाषेत सांगितलं होतं. बाण्याचा आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो ना? तशी टी-पेशींनाही, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही, थांबायची एक कळ असते, पीडी-१. नाहीतर त्या आपल्याच अंगावर उठतील. गाठ नेमकी तीच कळ दाबून धरते. निवोलुमॅब ही अँटिबॉडी त्या कळीवर झाकणासारखी बसते, मग गाठीचा हात तिथवर पोचत नाही. मारायचं काम टी-पेशीच करतात. म्हणून केमोसारखं 'जितकं जास्त तितकं जहाल' इथे चालत नाही. कळा झाकायला थोडंच औषध लागतं, उरलेलं नुसतं रक्तात फिरतं. आणि गुळवेलीच्या काढ्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, कोणी आणून दिला तर परत करा.

नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. टाटा मेमोरियलने डोक्या-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर अभ्यास केला, तो २०२२ मध्ये छापून आला. सगळ्यांना आठवड्याला मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध आणि रोज दोन प्रकारच्या गोळ्या, निम्म्यांना त्यावर दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. वर्षानंतर हयात होते निवोलुमॅबवाल्यांपैकी ४३.४ टक्के, बाकीच्यांपैकी १६.३.

आम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसने एकदा परळला टाटात जाऊन कागद घेऊन आलो, पुढचं सगळं सोलापुरात. कुपी ४० मिलिग्रॅमची येते, म्हणून अक्कलकोटच्या एका गृहस्थांशी आमची तारीख जुळवली होती. एक कुपी, दोघं. पहिल्यांदा ऐकल्यावर अण्णा सिस्टरना म्हणाले, "निम्मी बाटली? मग बिल पण निम्मंच लावा." तुम्हीही असा जोडीदार आहे का हे आधी विचारा. खर्च तिथेच निम्म्यावर येतो.

चौथ्या इंजेक्शननंतर अण्णा गळाले. एप्रिलचं सोलापूर, पंखा बंद करायला लावून सोलापुरी चादर पांघरून कॉटवर बसलेले. दाजींचा फोन : "बघा, डोस कमी पडतोय." रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉइड मंदावलं की वाढतो तो आकडा) आभाळाला टेकलेला. टी-पेशी मोकळ्या सुटल्या की कधीकधी थायरॉइडवरही घसरतात. म्हणजे औषध अंगाला लागत होतं! थायरॉइडची गोळी सुरू केली, महिन्याभरात माणूस चौकात चहाला जाऊ लागला. काकांना जुलाब किंवा धाप लागली तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

अण्णा चौदा महिने जगले, शेवटचे दोन सोडले तर हिंडते-फिरते. तेराव्याला जेवणाच्या पंगतीत दाजी म्हणालेच, "पूर्ण डोस दिला असता तर..."

आता खरं ते सांगतो. त्या अभ्यासात २० ची तुलना २४० शी नव्हती, निवोलुमॅब न दिलेल्यांशी होती. त्यामुळे दाजींना कागदावर खोटं पाडायला माझ्याकडे काही नाही. शिवाय सगळ्यांनाच हे औषध लागू पडतं असंही नाही, वरचेच आकडे बघा. गाठीची पीडी-एल१ तपासणी (गाठ ज्या प्रथिनाने ती कळ दाबते, ते किती आहे याची) आणि काकांची तब्येत बघून तुमचे डॉक्टरच ठरवतील.

प्लॉटवर आता आईच्या दोन खोल्या आहेत. दाजी दिवाळीला तिथेच उतरतात.